नवाबचा लांब सूर

नवाब सुईला घाबरतो, ही बातमी शहरातल्या चेलीपुऱ्यात पसरली तेव्हा मी आधी पोटभर हसून घेतलं. मग लोक ते खरंच मानतायत हे लक्षात आलं आणि माझं डोकं फिरलं.

नवाब म्हणजे आमच्या बँडचा मास्तर. तिथल्या दुकानावर 'नवाब ब्रास बँड' अशी पाटी आहे, त्यातला नवाब. तो क्लार्नेट वाजवतो, मी ढोल. मी करमाडचा, घरची थोडी शेती. तो पक्का शहरातला. पण त्याच्या वडिलांनी माझ्या गळ्यात ढोलाचा पट्टा घातला तेव्हापासून आमची जोडी आहे. तो फुंकत राहतो, आणि जिथं त्याचा श्वास संपतो नेमकी तिथं माझी थाप पडते. ऐकणाऱ्याला वाटतं सूर तुटलाच नाही. ढोलवाल्याचं खरं काम हेच. नुसतं बडवणं काय, कुणालाही येतं.

तर दोन हजार एकवीसची दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, आणि सरकारने माणसांच्या लग्नांनाही जरा मोकळीक दिली. दीड-दोन वर्षं आमची वाद्यं खुंटीला टांगलेली होती. कुणी भाजीचा गाडा लावला होता, कुणी शेंद्र्याला कंपनीत हमालीला जात होता. आता पुन्हा वाजवायचं म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगात आलं. अट एकच होती: लग्नात काम करणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही डोस झालेले पाहिजेत. आचारी असो, मंडपवाला असो, नाहीतर आम्ही. बँडमधल्या झाडून सगळ्यांनी घेतले. राहिला एकटा नवाब. त्याचा पहिला झाला होता, दुसऱ्याची तारीख कधीच उलटून गेली होती, आणि हा पठ्ठ्या जाईना. तो नाही तर बँड नाही. नवाबशिवाय नवाब ब्रास बँड म्हणजे नवरदेवाशिवाय वरात.

बरं, हा माणूस आजाराच्या तोंडातून परत आलेला. दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, घाटी दवाखान्यात ऑक्सिजनवर होता. त्याची बायको जैतुनबी भाभी रोज फाटकाबाहेर बसून असायची. मी करमाडहून रोज तिला फोन करायचो. वाचला. घरी आला. पुढे डॉक्टरांनी सांगितल्यावर पोरीने हाताला धरून पहिला डोस दिला, त्यालाही काही बोलला नाही. दुसऱ्याच्या वेळीच काय झालं, कळेना. आज पोट बिघडलंय, उद्या जुम्मा आहे, परवा पाहुणे येणार आहेत. बहाण्यांची नुसती माळ लावली होती.

आणि अशातच सर्जेरावांची सुपारी आली.

सर्जेराव म्हणजे लासूर स्टेशनचे कांद्याचे व्यापारी. त्यांच्या मुलीचं, अपेक्षाचं, लग्न डिसेंबरात ठरलं होतं. त्यांनी मला फोनवर स्वच्छ सांगितलं, "कारभारी, बाकी काय वाजवा नायतर वाजवू नका. आपल्याला लांब सूर पायजे. माझ्या लग्नात मास्तरच्या बापानं वाजवला व्हता."

लांब सूर ही आमच्या बँडची रीत. दुसऱ्या कुणाकडे नाही. नवरदेवाची मिरवणूक मंडपाच्या दारात आली की सगळी वाद्यं बंद होतात. दोन्हीकडचे व्याही समोरासमोर उभे राहतात. मास्तर क्लार्नेट तोंडाला लावतो, छाती भरून घेतो, आणि त्याच्याबरोबर दोघे व्याहीही श्वास कोंडून धरतात. मग एकच सूर. तो चालू असेपर्यंत ज्याने आधी श्वास सोडला त्याने आपला फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा. हसाहशी होते, शिट्ट्या पडतात, आणि सूर मात्र तसाच चालू राहतो. दोघांचेही श्वास सुटले, फेटा इकडचा तिकडे झाला, पोरं नाचायला लागली, तरी नवाब आपला डोळे मिटून फुंकतोच आहे. सूर आधी तुटला तर काय करायचं, हे रीतीत सांगितलेलंच नाही, कारण तसं कधी झालंच नव्हतं.

सुमय्याचा फोन आला तेव्हा मी शेतात होतो. सुमय्या नवाबची थोरली मुलगी, लसीकरणाच्या पथकात नर्स. लहानपणी माझ्या ढोलावर बसून रडायची. आता अख्ख्या वस्तीला टोचत फिरते.

"कारभारी चाचा, अब्बा तुमचं ऐकतात. तुम्ही तरी सांगा ना," ती म्हणाली. "आता तो विषाणूचा नवीन प्रकार निघालाय. रोज बातम्या येतायत. पुन्हा लाट आली आणि अब्बांना पुन्हा झाला तर..." मग एकदम चिडून म्हणाली, "बायका मला तोंडावर म्हणतात, आधी आपल्या बापाला टोच, मग आमच्या दारात ये. आणि सुईची भीती कसली, चाचा? घाटीत दिवसातून कितीदा टोचायचे, हूं नाही केलं त्यांनी. मला पटतच नाही. काहीतरी वेगळं आहे."

मलाही पटत नव्हतं. पण मी तिला म्हणालो, "तू घोर नको करू बाळा, मी आणतो त्याला धरून." फोन ठेवला. घोर करू नको म्हणणं सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली. तेव्हा पेट्रोल पंपावर आधी लसीचं सर्टिफिकेट दाखवावं लागायचं, मग टाकी उघडायची. दाखवलं आणि निघालो. वाटभर मनात भांडत होतो. नवाबला काय काय ऐकवायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं.

दुकानात तो खालीच बसला होता, स्टुलावर. वर माडी आहे, तिथं आमची तालीम चालायची. तो वर गेलेला मला कितीतरी दिवसांत दिसला नव्हता. भिंतीला लाल कोट टांगलेले, त्यांना डांबरगोळ्यांचा वास. मी बसतो न बसतो तोच गल्लीत गलका झाला. लसीचं पथक आलं होतं. एक डॉक्टर, रजिस्टर घेतलेला एक माणूस, आणि मागे तोंडावर मास्क लावलेली सुमय्या, मान खाली घालून. पाठीमागे बघे होतेच.

डॉक्टर नीट बोलला. "चाचा, दुसरा डोस राहिलाय. पाच मिनिटांचं काम आहे."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मास्तर को सुई से डर लगता!" लोक खी खी करून हसले. सुमय्याने वर बघितलं नाही.

नवाब उठला आणि त्याने तोंड सोडलं. नवाबच्या शिव्या ऐकण्यासारख्या असतात. एका दमात, न थांबता, खानदानाच्या पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत. तालमीला कुणी उशिरा आला की आम्ही मजा बघत बसायचो. त्या दिवशी तो डॉक्टरला म्हणत होता, "जबरदस्ती हय क्या? मैं क्या चोर हूं..." आणि माझं बोट मांडीवर पडलं.

ते माझ्या हातात नसतं. नवाबचा श्वास संपला की माझं बोट पडतं. जेवताना, बोलताना, एसटीत शेजारी बसलो तरी. इतक्या वर्षांची खोड आहे, मला कळतही नाही. पण त्या दिवशी कळलं, कारण ते फार लवकर पडलं.

"...मेरे दुकान में आके..." पुन्हा पडलं. "...मेरेकू..." पुन्हा. "...सिखाते क्या..."

बोट पडतच राहिलं. एका शिवीत जिथं एकदाही पडायचं नाही तिथं ते टपटप टपटप पडत होतं. मी मांडीकडे बघत राहिलो. जुळवून आणलेलं सगळं भांडण तसंच राहिलं. नवाबला सुईची भीती नव्हती.

मी उठलो, लोकांना हाकललं, डॉक्टरला हात जोडले. सुमय्याला म्हणालो, "जा बाळा. मी हाये." शटर अर्धं खाली ओढलं आणि नवाबसमोर उभा राहिलो.

"क्लार्नेट काढ."

"कायकू?"

"वाजव."

"फुंकायची पत्ती खराब हय."

"दुसरी लाव."

तो मग स्टुलावर बसला, अगदी सावकाश. "कब समझा?"

"आत्ता. शिव्या देताना."

तो हसला, आणि हसता हसता खोकला. खोकला थांबेपर्यंत मी भिंतीवरच्या कोटांकडे बघत होतो. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मग त्याने सांगितलं. घाटीतून आल्यावर, दुकानात कुणी नाही असं बघून त्याने क्लार्नेट काढला होता. जो सूर आधी गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जायचा तो दुकानाच्या दारापर्यंतही गेला नाही. वाटलं अशक्तपणा आहे, जाईल. गेला नाही. महिने गेले, अशक्तपणा गेला, भूक परत आली, पण छातीत पहिल्यासारखी हवा भरेना.

"सुई घेतली ना कारभारी," तो म्हणाला, "तर कागज मिळतो. कागज मिळाला की मग अडवणारं कुणी नाय. मग उभं ऱ्हावं लागतं, सगळ्यांसमोर. आत्ता लोग क्या बोलते? नवाब जाहिल हय, नवाब डरपोक हय. बोलने दे. चार दिन हसेंगे, भूल जायेंगे. लेकिन नवाब का दम गया, ही गोष्ट एकदा बाहेर पडली तर माझ्याजवळ दुसरं काय हय रे?"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही जमलं नाही. मी चहा मागवला.

चहा पिऊन झाल्यावर मी म्हणालो, "येड्या, पुन्हा लाट आली तर मरशील तू. आधीच छाती अर्धी झालीय."

"मरूंगा तो नवाब बनके मरूंगा."

"असं? मग मी चाललो सुमय्याला सांगायला."

त्याने माझं मनगट घट्ट धरलं. "कसम हय तेरेकू. तिला नक्को. ती नर्स म्हणून घाटीत आत यायची, माझ्या उशाला बसून रडलीय."

"कसम पाळतो. पण फुकटात नाय. सुई घ्यायची. उद्याच. लग्नात उभं ऱ्हायचं का नाय ते माझ्यावर सोड. सर्जेरावला मी सांगतो, मास्तरला बरं नाय, दुसरा बँड बघा."

त्याने माझं मनगट सोडलं. मग होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या केंद्रावर सुमय्यानेच त्याला सुई टोचली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. नवाबने मुद्दाम डोळे गच्च मिटून "या अल्ला" म्हटलं, सगळे हसले, आणि सुमय्या हसता हसता मास्कखाली रडायला लागली. तिला वाटलं, बापाने तिच्यासाठी भीती गिळली. मी बाजूला उभा राहून सगळं बघत होतो. निम्मं ओझं उतरलं होतं. निम्मं उतरायचं होतं.

ते उतरायचं राहूनच गेलं. मी सर्जेरावांना फोन लावायच्या आत सर्जेरावांचाच फोन नवाबला आला. कुणीतरी लगेच मोबाइलवर फोटो टाकला होता आणि लासूरपर्यंत बातमी गेली होती. "मास्तर, सुई घेतली म्हणं! आता लांब सूर पक्का ना?" आणि केंद्राच्या दारात, चार माणसांत, दंडाला कापूस दाबून उभा असलेला नवाब म्हणाला, "हौ."

मी कपाळावर हात मारून घेतला. रिक्षात बसल्यावर त्याला विचारलं, "आता?"

"तोंडातून निकल गया," तो म्हणाला. मग दंडावरचा कापूस रिक्षाबाहेर फेकत, "निकल गया तो निकल गया."

पुढचे दिवस तो बसने करमाडला येत राहिला. माझ्या शेतात विहिरीजवळ आम्ही तालीम करायचो. आजूबाजूला ज्वारी, ऐकायला कुणी नाही. गाण्यांचं जमवता आलं. ओळी आखूड केल्या. प्रत्येक ओळ बँडमधल्या तौफिकने आपल्या पितळी कॉर्नेटवर पुन्हा वाजवायची, तेवढ्यात नवाबने दम घ्यायचा; तौफिकला नवी पद्धत एवढंच सांगितलं. मधल्या जागा मी भरायच्या. मला भरायची सवयच आहे. पण लांब सुराला काय करणार? लांब सुरात ढोल बंद असतो. मी तिथं नुसता उभा असतो, टिपरू खाली धरून.

"मी हळूच सुरू करतो," मी म्हणालो. "आधी बारीक, मग वाढवत नेतो. तुझा सूर कुठं तुटला ते कुणाला कळायचं नाय."

"नक्को. लांब सुरात थाप पडली की आंधळ्याला बी कळेल, मास्तर खलास."

तो वाजवायचा आणि सूर तुटायचा. कधी जरा पुढे जाऊन तुटायचा, कधी सुरुवातीलाच. मग तो विहिरीच्या कठड्याला धरून उभा राहायचा आणि त्याचे ओठ काळसर दिसायचे. मला लग्नाची भीती वाटेनाशी झाली आणि त्याचीच वाटायला लागली. मांडवाच्या दारात हा माणूस कोसळला तर? भाभीला काय सांगू? कसम पाळून मी त्याला मारतोय का, हे रोज मनात यायचं.

माझी बायको सारजाबाई एकदा जेवण घेऊन आली आणि तिने सगळं बघितलं. ती कुणाची भीडभाड ठेवत नाही. म्हणाली, "नवाबभाऊ, सूर आखूड झाला तर लोकं काय फाशी देत्यात का?"

"भाभी," नवाब म्हणाला, "पोळीत पुरण नसलं तर कोणी फाशी नाय देत. फक्त पुन्हा तुमच्याकडे जेवायला येत नाय."

"मी तरी आले असते जेवायला," सारजाबाई म्हणाली आणि डबा ठेवून निघून गेली.

लग्नाचा दिवस उजाडला. बातम्यांत त्या नव्या प्रकाराचे रुग्ण वाढत होते. लग्नं पुन्हा बंद होणार, आज आहे ते करून घ्या, असं जो तो बोलत होता. लासूर स्टेशनला मंगल कार्यालयाच्या फाटकावर एक पोलीस आणि सॅनिटायझरची बाटली घेतलेला माणूस. आमचे कागद बघितले. नवाबने आपलाही दाखवला. पोलीस म्हणाला, "लई दिवसांनी दिसलात मास्तर." नवाबने नुसतं हसून घेतलं. लाल कोट त्याला सैल व्हायला लागला होता.

मिरवणूक निघाली आणि लोक असे काही नाचायला लागले की विचारू नका. दोन वर्षं घरात कोंडलेली माणसं. मास्क हनुवटीला, हात आभाळात. मारुतीच्या पारापासून कार्यालयापर्यंत जायचं, पण एका चौकात अडले की हलतच नव्हते. "अजून एक! मास्तर, अजून एक!" तौफिक घामाने निथळत होता. मी ठरल्याप्रमाणे जागा भरत होतो, माझे खांदे भरून आले होते, आणि सगळा वेळ डोळे नवाबच्या मानेवर. अजून उभा आहे. अजून उभा आहे. एवढंच मी स्वतःला सांगत होतो.

कार्यालयाच्या दारात आलो. सर्जेरावांनी हात वर केला. सगळी वाद्यं थांबली.

सर्जेराव पुढे आले. समोरून नवरदेवाचे वडील नानासाहेब आले, सोयगावचे, उंच माणूस. दोघांचे फेटे गुलाबी. लोक गोल करून उभे राहिले. पोरांनी मोबाइल वर धरले. "लांब सूर! लांब सूर!" करून ओरडा झाला आणि मग एकदम सगळं शांत. स्टेशनात मालगाडी उभी होती, तिचा तेवढा सुसकारा ऐकू आला.

नवाबने माझ्याकडे बघितलं. मी टिपरू घट्ट धरलं. मनात ठरवून टाकलं होतं, रीत गेली खड्ड्यात, सूर तुटला की मी थाप टाकणार. आंधळ्याला कळलं तर कळू दे.

त्याने छाती भरली. दोन्ही व्याह्यांनी छाती भरली. आणि सूर निघाला.

तोच सूर होता. गोल, भरलेला, कुठे खरखर नाही. क्षणभर मला वाटलं आपण उगीच घाबरलो. मग मला त्याचा डावा खांदा दिसला. दम संपत आला की नवाबचा डावा खांदा जरासा वर येतो. ते जगात फक्त मला माहीत आहे. खांदा वर येत होता. इतक्या लवकर! पूर्वी या वेळेला त्याचा सूर नुसता जमायला लागलेला असायचा. माझं टिपरू वर गेलं.

आणि नानासाहेब खोकले.

एकदा नाही. त्यांचा श्वास सुटला आणि त्यामागून खोकल्याची उबळ आली. उंच माणूस दुमडून खाली गेला. सर्जेरावांनी ते बघितलं, ओठ आणखी दाबून धरायला गेले, चेहरा लालबुंद झाला, आणि त्यांचाही श्वास फुटला. तेही खोकायला लागले. त्यांनी नानासाहेबांचा खांदा धरला, नानासाहेबांनी त्यांचा. तेवढ्यात नवाबचा सूर संपला. माझं टिपरू हवेतच राहिलं.

कुणी शिट्टी मारली नाही. दोन व्याही एकमेकांना धरून खोकत होते आणि बाकी सगळे बघत होते. मग नानासाहेब कसेबसे म्हणाले, "सर्जेराव, पैल्यासारखं ऱ्हायलं नाय हो. मी ऑक्सिजनच्या मशिनीवर व्हतो उन्हाळ्यात. तुम्हाला बोललो नाय. म्हणलं, सोयरीक मोडंल."

सर्जेरावांनी त्यांचा खांदा आणखी घट्ट धरला. "मी बी व्हतो," ते म्हणाले. "मी बी नाय बोललो."

मग दोघे हसायला लागले, आणि हसता हसता नानासाहेब रडले. त्यांचा धाकटा भाऊ त्याच उन्हाळ्यात गेला होता, ते मला नंतर कळलं. त्यांनी आपला फेटा काढून सर्जेरावांच्या डोक्यावर ठेवला, सर्जेरावांनी आपला त्यांच्या डोक्यावर. तसं रीतीत नव्हतं. बायकांच्या घोळक्यात पदर डोळ्यांना लागले. मागे कुणीतरी म्हातारा खोकला आणि आपला घसा खाकरून घेतला, आणखी कुणीतरी खोकलं. सूर किती गेला, हे एकाही माणसाने विचारलं नाही. विचारायला त्यांच्याजवळ दम कुठे होता?

मी थाप टाकली, तौफिकने कॉर्नेट उचलला, आणि वरात आत गेली.

जेवणं चालू असताना नवाब कार्यालयामागे आमच्या टेम्पोच्या पायरीवर जाऊन बसला. मी दोन पानं वाढून घेऊन गेलो. तो क्लार्नेट खोलून फडक्याने पुसत होता. ओठांचा रंग बराच परत आला होता. मी शेजारी बसलो.

"कारभारी, सच बोल," तो पुसता पुसता म्हणाला. "कितना गया?"

मी खोटं बोलू शकलो असतो. आजवर त्याला कधी बोललो नाही.

"निम्मा बी नाय," मी म्हणालो. "पण दोघांना पुरून उरला."

तो मोठ्याने हसला. हसता हसता मध्येच थांबला, दम घ्यायला, आणि माझं बोट मांडीवर पडलं. त्याने ते बघितलं. मी हात झटकन मागे घेतला.

"रहने दे," तो म्हणाला. "वो दोनों बी छुपाके बैठे थे रे. सगळा गाव छुपाके बैठा था."

जिलबीचा एक तुकडा त्याने तोंडात टाकला, हात कोटाला पुसले आणि खिशातून मोबाइल काढला. मला वाटलं भाभीला लावतोय.

"सुमय्या? हां बेटा, हो गया, अच्छा हुआ. सुन, एक बात बतानी थी तेरेकू. वो सुई का... डर नहीं था मेरेकू..."

तो सांगत राहिला. मध्ये मध्ये थांबत होता, आणि तो थांबला की माझं बोट मांडीवर पडत होतं.